एक रायफल, दोन कामे : रुगर १०/२२ रायफलीच्या जुळणीच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२४, शनिवार. केटी, टेक्सास

परवा पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्निल कुसाळे याला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) प्रकारात कांस्यपदक मिळाले. आज सकाळी मी कपाटातील जुनी वही काढून त्यात गेले वर्षभर मनात घोळणारे, स्वतः रायफल जुळवण्याचे काम पहिल्यांदा कागदावर उतरवले. त्या पदकामागील रायफल आणि माझ्या मनातील रायफल यांच्यात काडतुसाखेरीज काहीही सारखे नाही. त्याची एका वेळी एकच गोळी भरण्याची, सर्वस्वी स्पर्धेसाठी घडवलेली रायफल. मला हवी आहे अर्धस्वयंचलित, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढची गोळी आपोआप चढणारी, खांद्याला अडकवून रानातून चालता येईल अशी. काडतूस मात्र तेच, ५.६ मिलिमीटरचे, आपल्याकडे सगळे ज्याला ‘पॉइंट टू टू’ म्हणतात ते .२२ लाँग रायफल, जे १८८७ पासून बाजारात आहे.

कामे दोन आहेत. पहिले, ५० यार्डांवर कागदावरील नेमबाजी आणि त्याबरोबर ‘ॲपलसीड’ या नेमबाजी शिकवणाऱ्या उपक्रमाच्या शिबिरातील २५ मीटरची परीक्षा, जिच्यात ४० गोळ्यांत २५० पैकी २१० गुण मिळाले तर ‘रायफलमन’ ही पट्टी मिळते. दुसरे, पूर्व टेक्सासच्या रानात खारी आणि ससे यांची शिकार. ही दोन कामे परस्परविरोधी आहेत, हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो. कागदासाठी रायफल जितकी जड आणि स्थिर तितकी चांगली, आणि रानासाठी जितकी हलकी तितकी बरी. दोन रायफली घेतल्या तर प्रश्नच मिटतो, पण तो पर्याय घरच्या अंदाजपत्रकात बसत नाही, आणि खरे सांगायचे तर तसे केल्यास या वहीची गरजही उरणार नाही.

म्हणून मर्यादा आधी ठरवल्या. टेकूवरून ५० यार्डांवर पाच गोळ्यांचे पाच ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके, मारले असता त्यांच्या रुंदीची सरासरी ०.७५ इंचाच्या आत यावी. दुर्बीण आणि भरलेले मॅगझीन धरून वजन सात पौंडांपेक्षा कमी असावे. एकूण खर्च ९०० डॉलरच्या पुढे जाऊ नये. यांतील पहिली अट खारीच्या डोक्यावरून आली आहे. ते जेमतेम सव्वा इंचाचे असते आणि रानात टेकू मिळत नाही, तेव्हा रायफलीने स्वतःची चूक त्याहून बरीच लहान ठेवली पाहिजे, म्हणजे उरलेली जागा माझ्या चुकीसाठी राहील.

१० ऑगस्ट २०२४

निवडीची चर्चा घरात तीन आठवडे चालली आहे. आज ती संपवली.

एआर-१५ चा विचार सर्वांत आधी केला, कारण ‘रायफल स्वतः जुळवणे’ म्हटले की या देशात बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तीच येते. तिचे भाग जगभरच्या कारखान्यांत बनतात, एकमेकांत बसतात आणि तिचे .२२३ काडतूस टेक्सासात हरणालाही चालते. परंतु माझ्या दोन्ही कामांना ते काडतूस अवाजवी आहे. खारीला ते लागले तर ताटात वाढण्यासारखे काही उरत नाही; शिवाय प्रत्येक गोळीमागे मला .२२ च्या जवळजवळ पाचपट पैसे मोजावे लागतात, आणि शिकणाऱ्याने महिन्याला निदान पाचशे गोळ्या झाडल्याच पाहिजेत. बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीमागे हाताने दांडी मागेपुढे करावी लागणारी, रायफल नेमात सरस ठरेल, याबद्दल शंका नाही. तथापि ॲपलसीडच्या परीक्षेत ठरावीक वेळात दहा गोळ्या झाडून मधेच मॅगझीन बदलावे लागते, आणि रानात पहिला बार चुकला तर गाल दस्त्यावरून न उचलता दुसरा मारता येणे ही मोठी सोय आहे. मार्लिनची मॉडेल ६० ही नळीखालच्या नळकांड्यात काडतुसे भरण्याची जुनी, गुणी रायफल आहे. पण ते नळकांडे पुन्हा भरायला वेळ लागतो आणि तिची नळी बदलणे घरी जमण्यासारखे नाही.

उरली रुगरची १०/२२. दहा गोळ्या आणि .२२ काडतूस, असा तिच्या नावाचा सरळ अर्थ आहे. विल्यम रुगर आणि हॅरी सेफ्रीड यांनी आखलेली ही रायफल १९६४ साली बाजारात आली आणि तेव्हापासून तिचे उत्पादन चालू आहे. तिची नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे यंत्रणा धरणाऱ्या मधल्या सांगाड्यात, आट्यांनी घट्ट पिळलेली नसून, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा एक ठोकळा आणि दोन स्क्रू यांनी ओढून धरलेली असते. तेवढ्या एका रचनेमुळे नळी बदलण्याचे काम कारखान्यातून स्वयंपाकघरातील टेबलावर आले. (या रचनेचा एक तोटाही आहे. तो पुढे, मला भोवेल तेव्हा लिहीन.)

कायद्याची बाजूही इथेच नोंदवतो. येथील संघीय कायद्याच्या दृष्टीने ‘बंदूक’ म्हणजे अनुक्रमांक कोरलेला रिसीव्हर. नळी, दस्ता, दुर्बीण हे सुटे भाग टपालाने घरी येऊ शकतात. रिसीव्हरसह रायफल मात्र मी परवानाधारक विक्रेत्याकडून, ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरून आणि पार्श्वभूमीची तपासणी करून घेणार. रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा आखूड असली तर १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट लागू होतो, म्हणून नळी १८ इंचांचीच घ्यायची. आणि आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट : एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे; वैध शिकार परवाना असणे हा तिच्यातील एक मोजका अपवाद. मी ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत सात वर्षे मित्रांच्या रायफलीलाही हात लावला नव्हता, आणि त्याचा पश्चात्ताप होत नाही.

१७ ऑगस्ट २०२४

रायफल आणली. साधा कार्बाइन नमुना, बर्चच्या लाकडाचा दस्ता, साडेअठरा इंचांची नळी, वजन पाच पौंड. सोबत विक्रेत्याने रिकाम्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) घालायचा, बंदूक रिकामी असल्याचे दाखवणारा पिवळा झेंडाही दिला. तो घरी, गाडीत आणि रेंजवर कायम लावलेला राहील, असा नियम केला आहे. तिजोरी आधीच भिंतीला ठोकून ठेवली होती. सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणे हा टेक्सासात गुन्हा आहे. कायदा नसता तरी आठवीतील मुलगी घरात असताना मी वेगळे वागलो नसतो.

पूर्ण उघडून पुसली. यंत्रणा इतकी साधी आहे की मुलीला पाच मिनिटांत समजली. बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या पोलादी ठोकळ्याला, कोणतेही कुलूप नाही. तो केवळ स्वतःच्या वजनाने आणि मागील स्प्रिंगच्या जोराने चेंबर झाकून बसतो. गोळी सुटताना काडतुसाची पुंगळी मागे ढकलली जाते, ती बोल्टला मागे नेते, रिकामी पुंगळी उजवीकडे उडते आणि परत येताना बोल्ट पुढचे काडतूस आत सारतो. चाप सोडून पुन्हा ओढल्याशिवाय दुसरी गोळी सुटत नाही. मोठ्या काडतुसाचा दाब अशा बिनकुलपी बोल्टला पेलवला नसता. खरी कारागिरी आहे ती मॅगझीनमध्ये. आत खाचांचे फिरते चाक आहे आणि प्रत्येक काडतूस आपल्या खाचेत वेगळे बसते, त्यामुळे .२२ काडतुसांच्या बुडाच्या कडा एकमेकींत अडकत नाहीत. कुठल्याही .२२ अर्धस्वयंचलित रायफलीचे निम्मे आजार या कडांमुळे होतात.

२४ ऑगस्ट २०२४

काहीही बदलण्यापूर्वी ती आहे तशी मोजायची, असे ठरले होते. माझ्याकडची जुनी ३ ते ९ पटींची दुर्बीण तात्पुरती चढवली आणि सकाळी सात वाजता, ह्यूस्टनचे ऊन चढण्याआधी, रेंज गाठली.

चार प्रकारची काडतुसे, प्रत्येकाचे पाच ग्रुप. काडतूस बदलल्यावर पहिल्या वीस गोळ्या मोजल्या नाहीत, कारण नळीत आधीच्या काडतुसाचे मेण आणि शिसे लेपलेले असते आणि नवे बसायला वेळ लागतो. घाऊक डब्यातील वेगवान, ३६ ग्रेन वजनाची गोळी : सरासरी १.९ इंच. वेगवान ४० ग्रेन : १.६ इंच. सीसीआय कंपनीची मंद ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’, ४० ग्रेन : १.२ इंच. तिच्या चौपट किमतीची स्पर्धेची ब्रिटिश काडतुसे : १.१ इंच, पण पंचवीस गोळ्यांत दोनदा बोल्ट अर्ध्यावर थांबला.

स्वस्त आणि वेगवान यांपेक्षा मंद काडतूस सरस ठरण्याचे कारण ध्वनीच्या वेगाशी निगडित आहे. सीसीआयची ही गोळी सेकंदाला सुमारे १,०७० फूट वेगाने निघते, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या थोडी खालीच. वेगवान गोळी १,२०० च्या वर निघते आणि लक्ष्यापर्यंत पोहोचता पोहोचता ध्वनीच्या वेगाखाली उतरते. तो उंबरठा ओलांडताना हवेचा धक्का बसून ती किंचित हेलकावते. वाऱ्याच्या बाबतीतही तेच. आडव्या वाऱ्यात वेगवान .२२ गोळी मंद गोळीहून अधिक सरकते, हे पहिल्यांदा ऐकल्यावर मला पटले नव्हते. पण वारा गोळीला किती सरकवतो हे तिच्या वेगावर नव्हे, तर वाटेत तिचा वेग किती घटतो यावर ठरते, आणि वेगवान गोळीचा वेग फार झपाट्याने घटतो.

एवढ्यात ०.७ इंचाची सुधारणा झाली, तीही रायफलीच्या एकाही स्क्रूला हात न लावता. पुढील सर्व मोजणी याच काडतुसावर करायची.

८ सप्टेंबर २०२४

काल गणपती बसले, त्यामुळे रात्री आरतीनंतर तासभरच काम झाले. कारखान्यातून आलेला चाप स्प्रिंगकाट्यावर सहा पौंड दाखवत होता, म्हणजे रायफलीच्या वजनापेक्षाही जास्त. रुगरचाच, पावणेतीन पौंडांचा तयार संच आणून बसवला. दोन पिना बाहेर ढकलायच्या, जुना संच काढायचा आणि नवा बसवायचा. जुन्याच चापाचे आतील तुकडे घासून तो हलका करण्याची पद्धत अनेक जण सांगतात. मी ते केले नाही आणि कुणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चुकीच्या कोनात झिजलेला तुकडा एका ओढीत दोन बार उडवू शकतो किंवा रायफल आपटल्यावर आपोआप सुटू शकतो.

त्याच बैठकीत बोल्टमागील पोलादी पिन काढून पॉलियुरेथेनची घातली. नेमात त्याने काही फरक पडत नाही. बोल्ट मागे आदळताना होणारा खणखणाट तेवढा कमी होतो.

१४ सप्टेंबर २०२४

टेकूवरून सरासरी १.१५ इंच. मागच्या वेळी १.२ होती. या दोन आकड्यांत काहीही फरक नाही, हे स्वतःला बजावून सांगावे लागते; पाच ग्रुप ही फार लहान चाचणी आहे आणि पैसे खर्च झाल्यावर सुधारणा दिसावी अशी मनाची ओढ असते. उभे राहून २५ मीटरवर मात्र चित्र पालटले. पूर्वी दहांतील चार गोळ्या काळ्या वर्तुळाबाहेर जात होत्या, आज एकच गेली. जड चाप टेकूवर लपतो. हातात रायफल उचलली की त्याची खोड उघडी पडते.

आज एक चूक सापडली, आणि ती पूर्णपणे माझी आहे. टेकूवर रायफल जराही न हलवता फक्त डोके किंचित वरखाली केले, तर दुर्बिणीतील फुली कागदावरून पाऊण इंच सरकताना दिसते. ही जुनी दुर्बीण हरणाच्या रायफलीसाठी बनवलेली असल्याने ती १०० यार्डांवर जुळवलेली आहे. ५० यार्डांवर तिच्यात हा दृष्टिभेद राहणारच. म्हणजे गेले तीन आठवडे मी रायफलीचे जे दोष मोजत होतो, त्यांत माझ्या गालाच्या जागेचा दोषही मिसळलेला होता. .२२ साठी ६० यार्डांवर जुळवलेली, २ ते ७ पटींची, लहान आणि हलकी दुर्बीण मागवली.

२१ सप्टेंबर २०२४

नवी दुर्बीण. सरासरी १.० इंच. वजनही पाच औंसांनी घटले.

२८ सप्टेंबर २०२४

नळीचा दिवस. या रायफलीच्या नादाला लागलेल्यांपैकी बहुतेक जण ०.९२० इंच व्यासाची, मुळापासून टोकापर्यंत सारख्याच जाडीची ‘बुल बॅरल’ घेतात. रेंजवर शेजारच्या बाकावरील एका गृहस्थांनी त्यांची तशी रायफल मोठ्या आपुलकीने माझ्या हाती दिली. ती टेकूवर दगडासारखी बसते आणि अर्ध्या इंचाचे ग्रुप देते. परंतु ती खांद्याला लावून उभा राहिलो तेव्हा दोन मिनिटांत डावा दंड भरून आला. ते गृहस्थ रायफल गाडीतून बाकापर्यंत आणि बाकावरून गाडीपर्यंतच नेतात; त्यांच्यासाठी तीच योग्य आहे.

मी टोकाकडे निमुळती होत जाणारी १८ इंची पोलादी नळी घेतली. नळीतील खाचांचा पीळ नेहमीचाच, १६ इंचांत एक फेरा. चेंबर बेंट्झ पद्धतीचे, म्हणजे स्पर्धेच्या चेंबरपेक्षा किंचित सैल आणि कारखान्याच्या चेंबरपेक्षा घट्ट, अर्धस्वयंचलित रायफलीसाठी मुद्दाम आखलेले. जोडणीला वीस मिनिटे लागली. सरासरी ०.८ इंच आली. आनंद झाला, पण ०.७५ नाही ते नाहीच. शिवाय शंभर गोळ्यांनंतर पुंगळ्या चेंबरमध्ये चिकटू लागल्या. घट्ट चेंबर आणि मेणाचा थर यांचे जमत नाही, हे उघड आहे. दर शंभर गोळ्यांनी नायलॉनच्या ब्रशने चेंबर साफ करावे लागेल. रेंजवर ते चालेल. रानात दिवसभरात दहा गोळ्याही उडत नाहीत.

५ ते १२ ऑक्टोबर २०२४

हा संपूर्ण आठवडा दस्त्याचा. कारखान्याच्या दस्त्याची लांबी, म्हणजे चापापासून बुडापर्यंतचे अंतर, साडेतेरा इंच आहे. माझी उंची पाच फूट पाच इंच. दुर्बिणीतून पूर्ण गोल दिसावा म्हणून मला मान ताणून पुढे न्यावी लागते, आणि ताणलेली मान दहा मिनिटांत थरथरू लागते. प्लास्टिकचा, लांबी कमीजास्त करता येणारा तयार दस्ता मिळतो आणि तो चांगला असतो, असे वापरणारे सांगतात. पण लाकडाला हात लावायची ही संधी सोडवेना.

मागील रबराची जाडी हिशेबात धरून बुडाकडून पाऊण इंच कापले. करवत चालवण्याआधी चिकटपट्टी गुंडाळून रेघ चार वेळा मोजली, तरी शेवटी कडेचा एक कपचा उडालाच. तो बारीक भुसा आणि इपॉक्सी यांनी भरला, जागा माहीत असलेल्यालाच दिसते. गालासाठी अक्रोडाच्या तुकड्याची उंच पट्टी तासून दस्त्यावर स्क्रूने बसवली. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. फुली आणि गोल दोन्ही मधोमध दिसेपर्यंत पट्टी रंध्याने उतरवत गेलो. सात वेळा उतरवली. या एका कामाला दोन संध्याकाळी गेल्या आणि साऱ्या प्रकल्पात मला सर्वाधिक समाधान याच दोन संध्याकाळींनी दिले.

पुढे नळीला दस्त्याशी बांधणारे कडे काढून टाकले, कारण ते नळीवर एका बाजूने दाब देते. नळीखालची खाच लाकडी दांड्याला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घासून रुंद केली, इतकी की डॉलरची नोट दुहेरी घडी करून नळीखालून रिसीव्हरपर्यंत सरकावी. शेवटी तेल, तीन हात.

आज दसरा. कुडाळला आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची, रानडुकरांपासून भात राखण्यासाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि आजोबा महिनाभर अस्वस्थ असायचे. खंडेनवमीला ते तिच्या सागवानी दस्त्याला खोबरेल चोळून, नळीला गंध लावून कोयता आणि विळ्याशेजारी मांडत. त्या बंदुकीला मागची माशी नव्हती आणि पुढचीही झिजून गेली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिचा उपयोग बहुतेक वेळा नुसता बार काढून डुकरे पळवण्यापुरता उरला होता. आज मी झेंडा लावलेली ही रायफल आणि लाकडाचे रंधे शेजारी शेजारी मांडले. तेल ओले असल्याने गंध तेवढे लावले नाही.

१३ ऑक्टोबर २०२४

नळी पूर्ण मोकळी, दस्ता मापाचा. सरासरी ०.९५ इंच.

म्हणजे आठवडाभर घाम गाळून रायफल बिघडवली. ग्रुप उभे पसरले आहेत, आडवे नाहीत. एकाखाली एक, माळेसारखे.

१९ ऑक्टोबर २०२४

काही दिवस विचार केल्यावर कारण ध्यानात आले. हाच त्या व्ही ठोकळ्याचा तोटा. आट्यांनी पिळलेली नळी रिसीव्हरशी एकजीव होते, म्हणून बोल्ट ॲक्शन रायफलीत ती मोकळी सोडणे हिताचे ठरते. १०/२२ मध्ये ती ॲल्युमिनियमच्या रिसीव्हरला केवळ खालून ओढून धरलेली आहे, आणि सबंध रायफल दस्त्यात एकाच स्क्रूवर उभी आहे. मोकळी सोडल्यावर नळी आपल्या वजनाने किंचित लोंबते आणि बोल्टच्या प्रत्येक धक्क्याने तिची जागा केसभर बदलते. उभ्या माळेचे मूळ बहुधा तेच असावे.

उपाय दोन केले, आणि ते वेगवेगळ्या दिवशी मोजले, नाहीतर कशामुळे काय झाले हे कळले नसते. काल रिसीव्हरच्या मागच्या टोकाखाली, तो हलू नये म्हणून, इपॉक्सीची बैठक भरली; धातूला आधी मेण लावल्याने तो तिला न चिकटता सुटून आला. त्याने सरासरी ०.८५ वर आणली. आज दस्त्याच्या पुढच्या टोकापासून एक इंच आत, नळीखाली, चामड्याचा पातळ तुकडा चिकटवला, इतका की नळी वर उचलली जाऊन हलका दाब राहावा. दस्त्याचा स्क्रू टॉर्क रेंचने १५ इंच-पौंडांवर आवळला.

०.६४, ०.७१, ०.६६, ०.७८, ०.६१. सरासरी ०.६८ इंच.

कागद जपून ठेवले आहेत. हे चामडे मुलीच्या जुन्या सँडलच्या पट्ट्याचे आहे, आणि या सर्व प्रकल्पातील तो एकमेव भाग फुकट मिळाला. गंमत म्हणून शेवटी ५० मीटरचे आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे लक्ष्य लावले. त्यातील दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढे. टेकूवरून दहांतील तीन गोळ्या त्याला शिवल्या. कुसाळे यातील काही गोळ्या उभा राहून मारतो.

२६ ऑक्टोबर २०२४

वजन : दुर्बीण आणि दहा काडतुसांसह सहा पौंड सहा औंस. खर्च : ८६२ डॉलर, काडतुसे सोडून.

५० यार्डांवर शून्य जुळवले, म्हणजे त्या अंतरावर गोळी फुलीवरच पडेल अशी दुर्बीण लावली. दुर्बिणीचा एक खटका पाव मिनिटाचा (कोनाच्या मापातील, वेळेच्या नव्हे), म्हणजे या अंतरावर सुमारे एक अष्टमांश इंच. मग अंतरे बदलून गोळी कुठे पडते ते पाहिले. २५ यार्डांवर जवळजवळ नेमावरच, ७५ वर सव्वादोन इंच खाली, १०० वर साडेसहा इंच खाली. हे आकडे दस्त्याच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवले, पण शिकारीसाठी मर्यादा ५० यार्डच धरली आहे. ताशी १० मैलांचा आडवा वारा या अंतरावर गोळीला सुमारे एक इंच नेतो आणि खारीच्या बाबतीत तो सगळा इंच महत्त्वाचा आहे.

मधल्या काळात ॲपलसीडचे दोन दिवस झाले. १९८ गुण. पट्टी मिळाली नाही. बसून मारण्याच्या फेरीत गुडघा दुखू लागला आणि मॅगझीन बदलताना ते उलटे धरले. यात रायफलीचा दोष काढण्यास जागा नाही.

९ नोव्हेंबर २०२४. ट्रिनिटी नदीच्या काठी

मी १९७१ नंतर जन्मलेला असल्याने टेक्सासच्या नियमाप्रमाणे शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागला. तो उन्हाळ्यातच केला होता, आणि परवाना खिशात आहे. खारींचा हंगाम १ ऑक्टोबरपासून पूर्वेकडील जिल्ह्यांत खुला आहे आणि दिवसाची मर्यादा दहाची. (हरणाला .२२ लाँग रायफलसारखे रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोकून पेटणारे, काडतूस या राज्यात मुळीच चालत नाही, हे कुणी विचारले तर सांगण्यासाठी.) जमीन एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांची. जुलैतील बेरिल वादळात पडलेले ओक अजून तसेच आडवे आहेत आणि बसायला उत्तम.

पहाटे पावणेसहाला हिकरीच्या झाडाला पाठ लावून बसलो. उजाडल्यावर बऱ्याच वेळाने वरून फोलपटे पडू लागली. खार दिसण्याआधी तिच्या कुरतडण्याचा आवाज आला. तांबूस पोटाची मोठी फॉक्स स्क्विरल होती, ३० यार्डांवर, फांदीच्या टोकाशी. फुली डोक्यावर स्थिर होती, आणि तिच्यामागे मोकळे आकाश होते. .२२ ची गोळी मैलभराहून पुढे जाते, असे काडतुसाच्या डब्यावरच छापलेले असते. सुरक्षेचा खटका पुन्हा बंद केला. वीस मिनिटांनी ती बुंध्यावर उतरली, डोके खाली करून थांबली, मागे दोन फूट जाडीचे खोड होते. एकच बार. दुसरी गोळी चेंबरमध्ये आपसूक चढली होती, ती तशीच बाहेर काढली. साडेनऊपर्यंत आणखी एक मिळाली, आणि एक चुकली. चुकलेलीला दुसरा बार मारण्याची वेळच आली नाही, तिने फांदी बदलली होती. ज्या सोयीसाठी अर्धस्वयंचलित रायफल निवडली, ती सोय आज तरी वापरात आली नाही.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितले, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. ‘‘अरे, रामाची खार?’’ इकडच्या खारींच्या पाठीवर रामाची बोटे उमटलेली नाहीत, आणि ही आपल्या खारीहून कितीतरी मोठी असते, असे मी पुन्हा पुन्हा सांगितले. ‘‘आजोबांनी ससे आणले होते,’’ ती म्हणाली, ‘‘खार कधी नाही.’’ मग थोड्या वेळाने तिनेच विचारले की वाटणात खोबरे भाजून घातलेस की कच्चे.

नोंद घेण्यासारख्या दोन गोष्टी. दव पडल्यामुळे गालपट्टीच्या खालच्या कडेला लाकूड किंचित फुगले आहे. तेलाचा आणखी एक हात द्यावा लागेल. आणि चामड्याचा तुकडा ओला झाला होता. तो वाळल्यावर पुन्हा पाच ग्रुप मारून पाहणे, शनिवार, १६ नोव्हेंबर.